अंगठा हजर, बोटे रामभरोसे

सातिवली, वालीव, गोखिवरे या औद्योगिक पट्ट्यातील गाळ्यागाळ्यांना सुरक्षा प्रशिक्षणाची फाइल तयार करून देणाऱ्या समस्त सल्लागारांस,



आपल्या फायली पाहून ऊर भरून येतो. तारीख, विषय, नावांपुढे अंगठे, शिवाय फलकामागे हेल्मेट घालून ओळीने उभ्या कामगारांचा फोटो. हल्ली त्या फोटोवर अक्षांश-रेखांशही छापलेले असतात, त्यामुळे हा माणूस पृथ्वीच्या नेमक्या कोणत्या बिंदूवर प्रशिक्षित झाला ते छातीठोकपणे सांगता येते. तो शिकला काय, एवढेच तेवढे विचारायचे नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून आत वळल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये पॉवर प्रेसवर बसलेल्या हेल्परला मात्र अक्षांशाचा फारसा उपयोग नसतो. डायखालून हात कधी काढायचा आणि अडकलेला पत्रा काढण्याआधी कोणता स्विच बंद करायचा, या दोन गोष्टींवर त्याची बोटे अवलंबून असतात. आपल्या फायलीत या दोहोंसाठी रकाना नाही.

असा रकाना कायद्याने मागितलाच नव्हता, असे आपण म्हणाल. 1948 चा कारखाने अधिनियम उघडून पाहावा. त्याच्या कलम 22 नुसार चालू यंत्राला तेल घालण्यासारखी जोखमीची कामे फक्त खास प्रशिक्षित प्रौढ कामगारानेच करायची होती, त्याने मालकाने दिलेले घट्ट कपडे घालायचे होते आणि त्याचे नाव नोंदवहीत असायला हवे होते. क्रम पाहा: आधी प्रशिक्षण, मग कपडे, मग नाव. आपण शेवटून सुरुवात केली आणि तिथेच थांबलात. भोपाळच्या वायुकांडानंतर, 1987 मध्ये, याच कायद्यात कलम 7अ आले आणि कामगारांच्या सुरक्षेसाठी आवश्यक असेल तेवढे प्रशिक्षण व देखरेख ही मालकाची जबाबदारी ठरली. 111अ या कलमाने प्रशिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क केला. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याच्या जागी कामगारांच्या सुरक्षेची नवी संहिता लागू झाली. तिच्यातही हे कर्तव्य मालकाचेच आहे. म्हणजे कायद्याचे माप सुरक्षा हे आहे, सह्यांची संख्या नव्हे.

आता आपला सर्वांत वजनदार मुद्दा घेऊ. ओळख पटवली नाही तर एकाच्या जागी दुसरा बसतो, किंवा कोणीच बसत नाही. हे शंभर टक्के मान्य. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेच्या 2015 ते 2022 या काळावरचा कॅगचा अहवाल डिसेंबर 2025 मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात तपासलेल्या सुमारे 95 लाख 90 हजार नोंदींपैकी 90 लाख 66 हजारांहून अधिक नोंदींत बँक खात्याच्या जागी शून्ये होती किंवा ती जागा कोरी होती. एकच छायाचित्र वेगवेगळ्या प्रशिक्षणार्थींच्या नावांपुढे लावलेले सापडले. देशपातळीवरच्या योजनेत हे घडते, तर गाळ्यातल्या मस्टरचे काय घेऊन बसलात? तेव्हा ओळख तपासू नका, असे या पत्रात कोणी म्हणत नाही. ओळख हा उंबरठा आहे, आणि आपण उंबरठ्यावरच वास्तुशांत उरकता, एवढीच तक्रार आहे.

कारण अंगठा जुळला म्हणून डोके जुळते असे नाही. (वर्षानुवर्षे पत्रा आणि रसायने हाताळून ठसे झिजलेल्या माणसाचा अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, ही गंमत वेगळीच. जो सर्वांत जुना कामगार, तोच गैरहजर!) मग चेहरा ओळखणारा कॅमेरा येतो. तो चेहरा ओळखतो, पण त्या चेहऱ्यामागे काही पोचले का हे त्याला कळत नाही. मोबाइलवर सुरक्षेचा व्हिडिओ चालू ठेवून शेजारी चहा पिता येतो. शेवटची प्रश्नोत्तरे सुपरवायझर स्वतःच सगळ्यांच्या वतीने सोडवून देतो. उत्तर प्रदेश-बिहारहून आलेल्या मुलाला इंग्रजी स्लाइड वाचून दाखवली, तरी पडताळणीच्या हिशेबी तो पूर्ण वेळ सहभागी. आणि त्याच प्रेसवर दोन्ही हात गुंतून राहावेत म्हणून बसवलेल्या दोन बटणांपैकी एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेले असले, तरी फायलीला त्याची वार्ता नसते. उत्पादन वाढवण्यासाठी ही पट्टी कोण लावतो, हे आपल्याला आमच्याहून चांगले ठाऊक आहे. ती पट्टी तशीच ठेवून घेतलेले प्रशिक्षण कितीही खऱ्या माणसाने घेतलेले असो, खोटेच.

मशीन थांबवून एकेकाला विचारत बसलो तर माल कधी निघणार, हा दुसरा आक्षेप. मशीन अपघातानंतरही थांबते, आणि तेव्हा जास्त वेळ थांबते. छोट्या गाळ्याला सुरक्षा अधिकारी परवडत नाही, हा तिसरा. आणि तो खरा आहे. पण एका औद्योगिक वसाहतीतले गाळे सुरक्षारक्षक आणि पाण्याचा टँकर वाटून घेतात, तर हिंदी-मराठीत समजावणारा, प्रेसवर स्वतः हात बसलेला एक प्रशिक्षक त्यांना वाटून घेता येणार नाही? आणि ओळख तपासायचीच आहे तर त्याचीही तपासा. कामगाराचा अंगठा तीनदा घेणारी फाइल, शिकवणाऱ्याने आयुष्यात कधी डाय बदलली आहे का, हे एकदाही विचारत नाही. ठेकेदाराचा माणूस आठवड्याने बदलतो, ही अडचण तर आमच्याच बाजूची आहे: नवा माणूस आला की यंत्रावर बसण्याआधी त्याला पुन्हा विचारावे लागेल, गेल्या महिन्याच्या फोटोवर भागणार नाही.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या फायलीत दोन रकाने वाढवा. ‘कोणत्या यंत्रावर विचारले’ आणि ‘त्याने स्वतः यंत्र बंद करून दाखवले का’. दुसऱ्या रकान्यात ‘नाही’ असेल, त्या दिवशी त्या माणसाला प्रेसवर बसवू नका आणि प्रमाणपत्राचे बिलही लावू नका. हे जमणार नसेल, तर निदान फायलीवरचा ‘सुरक्षा’ हा शब्द काढून तिथे ‘हजेरी’ लिहा.

कळावे,
आपला,
एक वाचक