शिक्क्यांची आंघोळ

(टेबलावर एक ताटली, पाण्याचं भांडं, मऊ टूथब्रश, ओल्या पुसण्यांचं पाकीट आणि जाडजूड रजिस्टर. साठी ओलांडलेले तात्या हातात ट्रे घेऊन येतात. ट्रेवर कापड झाकलेलं.)

पंखा बंद करा आधी! केला? हां. एक धागा जरी उडून ह्यांच्यावर बसला ना, तर पुढच्या कार्डावर गुलाबाच्या पाकळीला केस फुटलेला दिसतो. आणि मग चौकशी बसते. माझी.

(कापड काढून) हे आमच्या हिचे शिक्के. फुलं, पानं, मोर, केक, हा 'अभिनंदन', हा 'लवकर बरे व्हा'. ही शाळेतनं निवृत्त झाली आणि शुभेच्छापत्रं बनवायला लागली. मी सरकारी कचेरीतनं निवृत्त झालो आणि हिचे शिक्के धुवायला लागलो. दोघांपैकी बढती एकालाच मिळाली.

तसा शिक्का मला नवा नाही. आमच्या कचेरीतला गोल शिक्का माझ्या आधी नोकरीला लागला होता आणि माझ्यानंतरही तिथंच आहे. त्याला जन्मात कधी पाणी लागलं नाही. जांभळ्या शाईचं पॅड, पॅडवर धूळ, धुळीवर शिपायाचा अंगठा. 'सत्यप्रत'मधली सगळी अक्षरं पोट भरून बसलेली. कागदावर उठायचा तो एक जांभळा गोळा. पण लोकांचा विश्वास बघा! चुकून अक्षरं वाचता आली तर माणूस घाबरायचा. 'साहेब, हा शिक्का खरा आहे ना?' गोळा उठला की निर्धास्त घरी जायचा.

पॅड वाळलं की आम्ही काय करायचो? (शिक्का तोंडाजवळ धरून) हाऽऽऽ! (टेबलावर आपटून) धाप्प! झाली सत्यप्रत.

परवा ही मोबाइलवर व्हिडिओ बघत होती. कुणी परदेशातली बाई सांगत होती, शाई सुकायला लागली तर शिक्क्यावर हलकेच तोंडाची वाफ सोडायची, म्हणजे ती पुन्हा ओलसर होते. ही मला म्हणते, 'अहो, काय नवीन तंत्र आहे बघा!' नवीन? अगं, ह्या तंत्रावर मी तालुका चालवलाय!

फरक एवढाच, की आम्ही धाप्प करून शिक्का ड्रॉवरमध्ये फेकायचो. इथं धाप्प झालं की लगेच आंघोळ. शाई वाळायच्या आत. वाळली की नक्षीच्या बारीक रेघांत बसते, मग नवीन शाई आत शिरत नाही. कचेरीत फारच झालं तर आम्ही टाचणीनं अक्षरं कोरायचो. पहिल्या दिवशी मी सवयीनं टाचणी उचलली, तर ही अशी किंचाळली, की शेजारचे दार वाजवून विचारून गेले, 'काय हो, पाल का?'

तर टाचणी नाही. ब्रश. तोही लहान बाळाचा, मऊ. आणि इथंच आमच्या घरात घोटाळा आहे.

(एक लाकडी मुठीचा शिक्का उचलून) हे लाल रबर बघा. रबराला गंधक लावून तापवलं की ते पक्कं होतं, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयर नावाच्या गृहस्थाला १८३९ साली सापडलं. पुढं तिकडच्या दंतवैद्यांनी त्याच पक्क्या रबरात कवळ्या बनवायला घेतल्या. रबर शिजवायला त्यांच्याकडे एक छोटं भांडं असायचं. आणि सुरुवातीच्या शिक्केवाल्यांनी काय केलं? त्याच भांड्यात शिक्के शिजवले! कवळी आणि शिक्का, सख्खी भावंडं!

(आवाज खाली आणून) आमच्या बेसिनवर ही भावंडं अजून एकत्र नांदतात. दोन वाट्या, दोन ब्रश. एका सकाळी आरशात बघून हसलो, तर समोरचे दोन दात मोरपंखी. ही धावत आली. मला वाटलं, घाबरली. तर म्हणते, 'अय्या! हा शेड कुठल्या पॅडचा?'

ह्या लाकडी मुठीच्यांना पाण्यात बुडवायचं नाही बरं का. लाकूड फुगतं, मधला फोम सुटतो, डिंक सुटतो आणि रबर हातात येतं. म्हणून हे असं. (ताटलीत ओलं कापड पसरून त्यावर शिक्का टेकवत) ओल्या कापडावर टेकवायचा, उचलायचा. टेकवायचा, उचलायचा. शाई उतरली की कोरड्या कापडावर तसंच. आमच्या साहेबांनी हे बघितलं असतं तर म्हणाले असते, देशपांडे, शिक्के मारताय की नुसती हजेरी लावताय?

आणि तेल! तेलाचं तर काही विचारू नका. हिच्याकडे कापडावर छपाई करायचे दोन लाकडी ठसे आहेत, सागवानी. गुजरातेत गांधीनगरजवळ पेथापूर म्हणून गाव आहे, तिथल्या कारागिरांचं हे कोरीवकाम जुनं, नावाजलेलं. असा नवा ठसा वापरायच्या आधी कित्येक दिवस तेलात भिजवून ठेवतात, म्हणजे लाकूड तडकत नाही. मोठ्या ठशांना तर आरपार बारीक भोकं असतात, आतली हवा निघून जावी म्हणून. माझ्या कचेरीत नव्हती एवढी हवा खेळती! तर लाकडाला तेल हवं. आणि रबराला तेल लागलं की रबर फुगतं, लिबलिबीत होतं. एकाच कपाटात, एकाच खणात, एकाला तेल औषध आणि शेजारच्याला विष. सासू आणि सून ह्यांचं पथ्य सांभाळावं तसं सांभाळतोय मी!

(पुसण्यांचं पाकीट उचलून) हे आणायला मेडिकलमध्ये मी जातो. लहान बाळांच्या ओल्या पुसण्या. दुकानदारानं पहिल्यांदा हात जोडले. 'तात्या, अभिनंदन! मुलगा की मुलगी?' म्हटलं, 'मोर.' त्यानं पाकीट काढलं. मी चष्मा लावून मागचं बारीक वाचायला लागलो. 'ह्यात अल्कोहोल नाही ना? आमच्या घरी चालत नाही.' कारण अल्कोहोलनं रबर कोरडं पडतं, चिरा जातात. तो म्हणाला, 'तात्या, ह्या पुसायच्या आहेत.' दुकानात रांग होती. आता अख्खी सोसायटी मला बघून हळहळते, माणूस पुसण्यासुद्धा वाचून घेतो म्हणून.

शाईचेही स्वभाव असतात. डाय इंक म्हणजे साधी गरीब, पाण्यानं जाते. पिगमेंट इंक दाट, सावकाश वाळते, म्हणून लगेच धुवायची. एम्बॉसिंगची शाई चिकट, तिला साबणाचा फेस लागतो. आणि ही (लांबूनच बोट दाखवत) सॉल्व्हंटची शाई. काच, प्लास्टिक, पत्रा, जिथं माराल तिथं बसते. पाणी दाखवलं तर हसते. तिला तिचंच औषध लागतं, वेगळ्या बाटलीतलं. कचेरीत अशी एक व्यक्ती असतेच, जिची फाइल दुसऱ्या कुणालाच हलवता येत नाही.

आता हे पारदर्शक. (प्लास्टिकच्या तावावरून एक शिक्का सोलत) हे रबर नाही, फोटोपॉलिमर. पातळ रस असतो, त्यावर अतिनील प्रकाश सोडला की घट्ट होतो. मागं चिकटवायला काही नाही, आपला आपण अॅक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटतो. चिकटेनासा झाला की साबणाच्या पाण्यानं धुवायचा, चिकटतो पुन्हा. शाईचा डाग राहिला तरी बिघडत नाही, ठसा स्वच्छच उठतो. पण उन्हात? अजिबात नाही! प्रकाशानं घट्ट झालेला तो, ऊन मिळालं की होतच राहतो. पिवळा पडतो, कडक होतो, तडकतो.

हे मराठी घरात सांगा कुणीतरी! आमच्याकडे ऊन म्हणजे सगळ्यावर इलाज. गाद्या उन्हात, डाळी उन्हात, लोणचं उन्हात, पूर्वी बाळंसुद्धा उन्हात. आमची आई नव्वदीची. वैशाखात गच्चीवर वाळवणं चाललेली. तिनं टेबलावरचे हे ताव बघितले. प्लास्टिकचा कागद, त्यावर गोल गोल, पातळ, आरपार दिसणाऱ्या... तुम्हीच सांगा, काय दिसतं?

साबुदाण्याच्या पापड्या!

आई मनात म्हणाली, सुनेनं घातल्या खऱ्या, पण घरातच ठेवल्या. वेंधळी! नेल्या गच्चीवर. चार दिवस कडक ऊन. पाचव्या दिवशी ही शिक्के शोधतेय, आणि स्वयंपाकघरातनं आईचा आवाज. 'अगं, तुझ्या पापड्या वाळल्या गं छान. पण एक तळून बघितली, फुलेना. साबुदाणा जुना होता का?'

(कपाळाला हात लावून) 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', शेंगदाणा तेलात.

त्यानंतर कारभार मी हातात घेतला. हे रजिस्टर! आवक-जावक. हिच्या मैत्रिणी शिक्के उसने नेतात. पूर्वी नेलेला मोर परत यायचा तो चमकी चिकटलेला, नाहीतर मधल्या गाळासकट. आता नोंद. नेणाऱ्याची सही, परत आणल्यावर तपासणी, शेरा. ही म्हणाली, 'अहो, मैत्रिणी आहेत माझ्या, अर्जदार नाहीत!' पण काम चोख म्हटल्यावर हिनंच माझ्या वाढदिवसाला एक शिक्का करून आणला. (खिशातून काढून अभिमानानं वाचत) 'तपासले. स्वच्छ नाही. परत.'

काय सांगू! निवृत्तीनंतर पहिल्यांदा हाताला वजन आलं. मोर आला? धाप्प! केक आला? धाप्प! मग हिनं घासलेलं पातेलं. धाप्प! हिनं इस्त्री केलेला सदरा. धाप्प!

ही काही बोलली नाही. बायको काही बोलली नाही की समजून जावं. मी नाही समजलो.

नोव्हेंबर महिना. हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचं होतं. दुपारी खुर्चीत जरा डुलकी लागली. उठलो, घाईत निघालो. बाहेर पडताना ही दारापर्यंत आली, हसून 'सावकाश जा हं' म्हणाली. तेव्हाही नाही समजलो.

खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म पुढं सरकवला. मी सही करायला वाकलो. (वाकून टक्कल प्रेक्षकांकडे करतो. टकलावर जांभळा शिक्का.) बाई थांबल्या. चष्मा वर केला. माझ्या डोक्याकडे बघून सावकाश वाचलं. मग फॉर्म हळूच मागं घेतला आणि अगदी आदरानं विचारलं,

'काका, आधी कुठल्या खिडकीवर जाऊन आलात?'

(अंधार.)