वहीवाला

वहीवाला तुमच्याही नात्यात असणारच. चिखलदऱ्याची सहल निघाली की परतवाड्याला चहा किती वाजता आणि बिनसाखरेचा कोणाकोणाला, हे ज्याच्याजवळ लिहिलेलं असतं तो. मंगलाष्टकं लांबली की नवरदेवाच्या आधी ज्याला घाम फुटतो तो. आमच्याकडे हे पद भाच्याकडे आहे. राहतो अमरावतीत राठीनगरला, नोकरी अकोल्याला. बडनेऱ्याला गाडीत बसला की वही उघडतो. मूर्तिजापूर येईतो एक राक्षस तयार होतो.

राक्षस यासाठी, की यंदा त्यानं आम्हाला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसवलं. अमेरिकेत 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी काढलेला खेळ. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी ‘मी असं करतो’ म्हटलं की ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा सांगणार. (“वीस तोंडं? रावणालेही दहाच होते,” इति आमची आई.) गोष्ट सांगणाऱ्याला एकच पथ्य: पुढं काय होणार हे आधी ठरवून बसायचं नाही. आता हे काम नेमकं कोणी अंगावर घ्यावं?

गोष्ट गाविलगडावर. वहीत तीन दरवाजे, दर दरवाजाला एक कोडं, प्रत्येक पहारेकऱ्याचा पगारसुद्धा. शेवटी गडाच्या दरवाजावर कोरलेला गंडभेरुंड जिवंत होऊन अंगावर येणार. त्याला चौदा पानं. खेळायला मेडिकलला असलेली पुतणी, कृषी केंद्रवाल्याचा पोरगा, शेजारचे इतिहासाचे निवृत्त मास्तर आणि मी. मला कुऱ्हाडवाला बुटका केलं. घेराकडे पाहून केलं असावं.

“पहिल्या दरवाजावर राक्षस उभा आहे,” भाच्यानं आवाज खोल केला. “डोळे लाल. हातात भाला. बोला, काय करता?”

“त्याले इचारतो,” कृषी केंद्र म्हणालं, “कोन्या गावचा?”

भाच्यानं वही चाळली. पगार होता, भाल्याची लांबी होती, गाव नव्हतं. “...परतवाडा.”

“परतवाड्यात कोनाकडचा?”

वऱ्हाडात ही चौकशी सुरू झाली की तलवारीला काम उरत नाही. राक्षस पोराच्या मावशीच्या दिराच्या शेजारचा निघाला. त्यानं दरवाजा तर उघडलाच, वर जेवून जा म्हणाला. भाच्यानं खोडरबर काढलं.

दुसऱ्या दरवाजाशी मास्तर अडून बसले. “दरवाजानंच काहून जायचं? 1803 च्या डिसेंबरात वेलस्लीच्या फौजेनं हाच गड घेतला. आतल्या किल्ल्याचा दरवाजा काही हलेना. मग कॅप्टन कॅम्पबेलची माणसं शिड्या लावून भिंत चढली अन् आतून दरवाजा उघडला. आपणही चढू.”

“मास्तर, शिडी वहीत नाही.”

“इतिहासात आहे.”

पुतणीनं फासा टाकला. वीस! सगळे ओरडले. आम्ही भिंतीवरून आत, खजिना घेऊन मागच्या बाजूनं बाहेर. गंडभेरुंड त्या रात्री कोणाला भेटलाच नाही. भाचा चौदा पानं एकेक करून उलटत होता, जणू पक्षी कुठल्या तरी पानावरून अजून उडेल. जेवताना ठेच्याकडेही त्यानं पाहिलं नाही. पुन्हा या भानगडीत पडायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पण मग कृषी केंद्रवाल्याच्या पोराला पुण्याला नोकरी लागली. हिंजवडीत. अमरावतीची पोरं अशीच जातात. दिवाळीला येतात आणि रस्ते केवढे रुंद झाले म्हणतात. खेळातला गडी गेला की त्याचं पात्र मारून टाकायचं, ही सोपी वाट. भाच्यानं पुढच्या खेपेला वही उघडली आणि आधी हेच वाचलं: “आपला चौथा गडी दिल्ली दरवाजावर पहाऱ्याला आहे. सोबतीला परतवाड्याचा राक्षस. लुटीत दोघांचाही हिस्सा.” राक्षसाला आता गाव होतं, आडनाव होतं, दोन मुली होत्या. हे सगळं गाडीत लिहिलेलं. हलत्या डब्यातलं अक्षर वेडंवाकडं होतं.

हिशेबाला मात्र मी हरकत घेतली. दरवाजावर बसून राहणाऱ्याला शंभर मोहरा, आणि इथं कुऱ्हाड चालवून मलाही शंभरच? हे कुठलं गणित?

मास्तरांनी चष्मा पुसला. “तुमचा मुलगा बंगलोरले गेला,” ते म्हणाले, “तं वावरातला हिस्सा काढून घेतला का तुम्ही?”

डाव माझा होता. फासा टाकला. चार पडले.