मुक्कामसर

ट्रेकची तारीख ठरली की बाकीची मंडळी बूट बघायला नांदेडला पळतात. सर फोन हातात घेऊन ओसरीवर बसतात आणि खोली बघायला लागतात.

त्यांचं नाव सांगून उपयोग नाही. कंधारात दर तिसऱ्या घरात एक सर आहेत. त्यातले हे मुक्कामसर. असा माणूस लोह्यातही सापडेल, अहमदपुरातही. साठी ओलांडलेली, पेन्शन चालू, पोरं पुण्यात, गुडघे अजून शाबूत. चौघं मिळून कुठं जायचं म्हटलं की ‘राहायचं कुठं’ हा प्रश्न त्यांना ‘जायचं कुठं’च्या आधी पडतो. त्यांच्या लेखी ट्रेक म्हणजे दोन मुक्कामांच्या मधली पायपीट. ती जमेल तेवढी लवकर उरकायची.

याला इतिहास आहे. नोकरीभर सर कुठं कुठं झोपले ते ऐका. निवडणुकीच्या ड्युटीवर शाळेच्या फरशीवर, मतदान यंत्राला एक हात लावून. सहलीत पोरांच्या पायाशी. जनगणनेत कुणाच्या तरी गोठ्यालगतच्या पडवीत. रिटायर झाल्याच्या संध्याकाळी शाल-श्रीफळ घेऊन घरी आले आणि बायकोला म्हणाले, “आता गादीबिगर झोपणं नाही.” ते व्रत त्यांनी हिमालयातही सोडलं नाही.

तंबूचा विषय तर त्यांच्यासमोर काढायचीच सोय नाही. गटातल्या एका इंजिनिअर पोरानं उत्साहानं कॅम्पिंगचे फोटो दाखवले. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. “हे पाल हाय. माळेगावच्या यात्रेत फुकट झोपलो पालात, ऐन थंडीत, शेजारी उंट बांधलेला. तितं पैसे देऊन झोपायचं कामून?” पोरगं म्हणालं, “सर, तिथून बर्फ दिसतं.” “खिडकीतून बी दिसतं. खिडकी लावता बी येते.”

आमचं ठरलं होतं हेमकुंड साहिब आणि फुलांची दरी. नांदेडच्या माणसाला ही वाट सोयरेपणाची. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये देह ठेवला तो नांदेडला, आणि मागच्या जन्मी तप केलं ते हेमकुंडला, असं शीख परंपरा मानते. सरांना या संबंधाचा व्यवहारी उपयोग पहिल्याच फोनला कळला. कंधार म्हटलं की पलीकडचा माणूस ‘कंदहार?’ म्हणून दचकायचा. तेव्हापासून सर सुरुवातच अशी करायचे : “भय्या, नांदेड से बोल रहा. हुजूर साहिबवाला नांदेड.” की पलीकडचा आवाज मऊ. मग सर आपली वही उघडत.

मुलीकडची मंडळी स्थळाची चौकशी करतात त्या चिकाटीनं सर खोलीची चौकशी करतात.

“गरम पानी हय?”

“है जी, बाल्टी से मिलेगा.”

“बालटी कितनी बडी?”

पलीकडं शांतता. उभ्या गढवालात हा प्रश्न कुणाला कुणी विचारला नसावा.

“संडास कमरे में हय ना? देसी के कुर्सीवाला? ... और खिडकी किधर खुलती?”

“पहाड की तरफ, सरजी.”

“पहाड तो तुमारे यहाँ चारों तरफ हय. घोडे किधर बांधते, वो बोलो.”

हसू नका. घांघरियाला, म्हणजे या वाटेवरच्या मुक्कामाच्या गावी, जाऊन आलेल्या माणसाला विचारा. गाव चिमुकलं, एकाच बोळाचं, आणि त्या बोळातून दिवसभर खेचरं चालतात. खेचरांच्या बाजूला खिडकी निघाली तर पुढं फुलांची दरी असली तरी वासाचा निकाल आदल्या रात्रीच लागलेला असतो.

सरांचा दुसरा मोठा कारभार म्हणजे खोलीवाटप. त्यात वय, नातं, जात, पक्ष काही चालत नाही. निकष एकच : घोरणं. त्यासाठी त्यांनी माहूरला रंगीत तालीम काढली. आम्हाला वाटलं, चढाचा सराव. कंधारचा किल्ला पडला भुईकोट. त्याच्या खंदकाभोवती कितीही फेऱ्या मारल्या तरी माणूस वर जात नाही. म्हणून माहूर, असा आमचा समज. रेणुकेचं दर्शन झालं, पायऱ्या झाल्या, आणि रात्री एका मोठ्या खोलीत सगळे आडवे झाल्यावर सर टॉर्च घेऊन वहीत टिपणं करत बसले. सकाळी यादी तयार. ‘अखंड’, ‘खंडित’, ‘कुशीवर बंद’. ‘अखंड’मध्ये गावातले एक प्रतिष्ठित व्यापारी निघाले. ते अजून सरांशी नीट बोलत नाहीत.

गटातल्या डॉक्टरांनी मात्र नकळत सरांच्या हाती कोलीतच दिलं. विरळ हवेचा त्रास समजावताना ते म्हणाले, तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर दिवसा वर चढून आलात तरी चालेल, पण झोपायची उंची एका रात्रीत साधारण पाचशे मीटरहून जास्त वाढवू नका. सरांनी मांडीवर थाप मारली. “म्हणजे शास्त्रानुसार उंची चालल्यावर नाही, झोपल्यावर मोजायची! मी काय वेगळं सांगायलो?” गोविंदघाट अठराशे मीटरच्या आसपास, घांघरिया तीन हजार पन्नास. एकदम एवढी उडी नको म्हणून त्यांनी जोशीमठला एक मुक्काम जादा टाकला. डॉक्टरही गप्प बसले; तो मुक्काम वैद्यकीयदृष्ट्या शहाणपणाचाच होता, फक्त सरांच्या डोक्यात त्याचं कारण तिथलं मटार-पनीर होतं.

प्रवास सचखंड एक्सप्रेसनं दिल्लीपर्यंत. या गाडीचं वैशिष्ट्य नांदेडकरांना सांगायला नको : वाटेतल्या स्टेशनांवर प्रवाशांना लंगर मिळतो, आपण फक्त भांडं पुढं करायचं. बाकीच्यांनी ट्रेकिंगच्या काठ्या घेतल्या होत्या, सरांनी स्टीलचा डबा. “गाडी हाच पहिला मुक्काम,” असं जाहीर करून त्यांनी खालचा बर्थ धरला आणि दिल्लीपर्यंत सोडला नाही.

पुढं ऋषिकेश, श्रीनगर, जोशीमठ, गोविंदघाट, घांघरिया : या रस्त्यावर यात्रेकरूंसाठी गुरुद्वाऱ्यांची साखळीच आहे. मोठ्या दालनात सतरंज्या घातलेल्या, कांबळ्यांचा ढीग, लंगर चालू, आणि कुणी कुठून आलात म्हणून अडवत नाही. फक्त डोकं झाकायचं आणि तंबाखू बाहेर. आमच्यातल्या एकाच्या खिशात चुन्याची डबी आणि पुडी होती. नांदेडच्या मुलखात वाढलेला माणूस, त्याला नियम तोंडपाठ; तरी ऋषिकेशच्या दारात पुडी टाकताना त्याचा चेहरा लेक सासरी पाठवल्यासारखा झाला. सरांना मात्र गुरुद्वारा आत्म्यापर्यंत पटला, पाठीला पटला नाही. कांबळ्यांचा ढीग बघून त्यांना निवडणूक आठवली. ते वाहेगुरूला हात जोडून, लंगर जेवून, शेजारच्या लॉजवर गादी बघायला निघून गेले.

गादी बघण्याची त्यांची एक पद्धत आहे. आधी मूठ रोवायची. मग मूठ उचलून खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते बघायचं. मग चादर उचलून वास. मग उशी दुमडून सोडायची. हे चालू असताना लॉजवाला दारात उभा असतो आणि आपोआप शंभर रुपये कमी सांगतो.

जोशीमठला मात्र सर गादीकडं वळलेच नाहीत. टॉर्च काढून आधी भिंती बघितल्या, कोपरा न् कोपरा. 2023 च्या जानेवारीत या गावाची जमीन खचली, शेकडो घरांना तडे गेले, दोन हॉटेलं एकमेकांवर कलली ती पाडावी लागली. तरणी पोरं हसली. सर हसले नाहीत. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते नवे नवे मास्तर होते. त्यानंतर आमच्या भागात कितीतरी दिवस माणसं घरं असून अंगणात झोपली. त्या पिढीचा माणूस परक्या छताखाली पाठ टेकायच्या आधी भिंतीवर नजर फिरवतोच. सरांनी तळमजल्याची, दाराजवळची खोली मागितली. चढ-उतार नको म्हणून, असं सांगितलं.

घांघरियात गादी दमट निघाली. पावसाळ्यात तिथं सगळंच दमट असतं. सरांनी इलाज काढला : गादीवर प्लास्टिक, त्यावर सोलापुरी चादर, त्यावर सर.

फुलांच्या दरीबद्दल त्यांचं पहिलं मत वाईट झालं. कारण तिथं मुक्कामच नाही! राष्ट्रीय उद्यान, 2005 पासून जागतिक वारसा; दिवसा जायचं, दिवस मावळायच्या आत घांघरियाला परत. गाईड सांगत होता, 1931 मध्ये फ्रँक स्माइथ कामेट शिखर सर करून उतरताना या दरीत आला आणि तिनं खुळावला, पुढं पुन्हा येऊन राहिला. सरांनी विचारलं, “राहिला कुठं?” “टेंट में.” सरांच्या नजरेतून स्माइथ तिथंच उतरला. मग गाईडनं जोन मार्गारेट लेग यांची समाधी दाखवली. फुलं गोळा करायला आलेल्या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ, 1939 मध्ये कड्यावरून घसरून इथंच गेल्या. सर दोन मिनिटं टोपी काढून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, “मुक्कामाची परवानगी एकट्या बाईंनाच मिळाली बगा.”

हेमकुंडालाही तेच. चार हजार मीटरच्या वर. तळं, गुरुद्वारा, गरम खिचडी, चहा, आणि दुपारनंतर सगळ्यांना खाली पिटाळतात. रात्री वर यात्रेकरू थांबत नाहीत. दमलेल्या सरांनी खिचडीचा दुसरा द्रोण घेत सेवादाराला विचारलंच, “एखाद कमरा...?” सेवादारानं हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा सरांना अशी जागा भेटली होती जिथं वशिला, नांदेड, आगाऊ रक्कम काहीच चालत नव्हतं.

परतल्यावर शाळेच्या हॉलमध्ये फोटो दाखवायचा कार्यक्रम ठेवला. पन्नासेक माणसं, चिवडा, पडदा. पहिला फोटो : पलंग. दुसरा : तोच पलंग, खिडकीच्या बाजूनं. तिसरा : गीझर, त्यावर “हा चालू नव्हता” असं निवेदन. नंतर बादली, शेजारी मापासाठी सरांचा पाय. अर्ध्या तासानं मागून एक म्हातारी ओरडली, “मास्तर, फुलं कवा दावायलाव?”

सरांनी पडद्यावरच्या खोलीच्या खिडकीकडं काठी रोखली. “हे काय, पडद्यावर हायत की. बारीक बगा, निळी हायत.”