न्यूरॉनसाहेबांच्या सेवेशी

श्री. रा. रा. न्यूरॉन सिम्युलेटरसाहेब यांस,
सा. न. वि. वि.

मज्जापेशीतली विजेची ये-जा साध्या लॅपटॉपवर गणून दाखवणारे आपण, आणि ते आलेख शोधनिबंधात चिकटवून पोट भरणारे आम्ही. आपल्या उपकारांची फेड या जन्मी होणे नाही. निदान पोच तरी द्यावी, म्हणून हे पत्र.

आपला स्वभाव फार गोड. कुणाला नाही म्हणणे आपल्या रक्तातच नाही. विद्यार्थी तंतूची जाडी सांगायला विसरला, तर चारचौघांत त्याची शोभा न करता आपण मुकाट्याने 500 मायक्रॉन धरता. उंदराच्या मेंदूतल्या डेंड्राइटला, म्हणजे पेशीच्या फांदीला, एखाद-दुसरा मायक्रॉन पुरतो, पण देणाऱ्याने हात आखडता का घ्यावा?

तापमान सांगायचे राहिले, तर 6.3 अंश सेल्सिअस. उंदीर बिचारा सदतिसाच्या आसपास जगतो. आपल्याकडे पाहुणा आला की त्याची सोय फ्रिजमध्ये.

आपली निष्ठा मात्र वाखाणण्याजोगी. हॉजकिन आणि हक्सले यांनी 1952 साली समीकरणे मांडली ती स्क्विडच्या, म्हणजे आपल्या माकुळाच्या, जाडजूड तंतूवरून. तो तंतू साधारण अर्धा मिलिमीटर जाड, आणि आकडे 6.3 अंशांवरचे. आपण ते इतके मनावर घेतलेत की दारात कुठलाही प्राणी येवो, त्याचा आधी माकूळ करता. मालवणात माकुळाचे सुके करतात. अख्ख्या सस्तन वर्गाचे माकूळ करणारे आपण एकटेच.

लांबलचक डेंड्राइटही, कुणी काही सांगितले नाही तर, आपण एकाच तुकड्यात बसवता. टोकाशी आलेला संकेत पेशीपर्यंत पोचताना क्षीण होतो, पसरतो. त्यासाठीच तर माणसे डेंड्राइटच्या नादी लागतात. विद्यार्थी हौसेने सायनॅप्स, म्हणजे दोन पेशींचा सांधा, लांबीच्या 0.9 वर, टोकाजवळ ठेवतो. आपण ‘हो, हो’ म्हणता आणि तुकडा एकच म्हणून गुपचूप 0.5 वर, बरोबर मधोमध नेऊन बसवता. त्याला कळतही नाही. किती ही हळुवार माया!

आपले धाकटे बंधू ब्रायन सिम्युलेटर यांना मात्र दोन शब्द ऐकवा. पायथनमध्ये वाढलेले पोर, वळण कसले ते नाही. कुणी व्होल्टमध्ये अँपिअर मिळवायला गेले की भर स्क्रीनवर बोंब ठोकतात आणि कामच बंद पाडतात. मोठ्यांशी असे वागायची आपल्या घरची रीत नव्हे.

चुलत बंधू नेस्ट यांचा दरारा तर निराळाच. 2013 साली जपानच्या के महासंगणकावर, 82,944 प्रोसेसर जुंपून, त्यांनी 1.73 अब्ज पेशींचे जाळे चालवले. मेंदूचा एक सेकंद पुरा व्हायला 40 मिनिटे लागली. इतकी ताटकळ सोसल्यावर हाती आलेल्या आकड्याकडे संशयाने बघायची छाती कुणाची?

आणि हक्सलेंचे हाल आठवा. केंब्रिजचा संगणक त्या काळात बंद होता, म्हणून ते हाताने फिरवायच्या ब्रन्सविगा यंत्रावर आकडेमोड करत बसले. प्रत्येक आकडा नजरेखालून जायचा. केवढी ही शिक्षा! आपण 0.025 मिलिसेकंदाची पावले टाकता, सेकंदाला 40,000, आणि आमच्या नजरेला एकाचाही त्रास होऊ देत नाही. शेवटी येतो तो गुळगुळीत आलेख. त्यातली शिखरे इतकी देखणी की गाइडही मान डोलावतात, परीक्षकही.

एकच नम्र विनंती, रागावू नये. कधी सवड झालीच, तर काम सुरू करण्याआधी एवढे विचारावे: “तापमान सांगितले नाहीत, माकूळ समजू ना?” चारचौघांत विचारलेत तरी चालेल.

कळावे, लोभ असावा. किती असावा हे लिहायचे राहून गेले, पण आपण धरालच काहीतरी.

आपला कृपाभिलाषी,
एक सस्तन संशोधक