अर्ज छापायचा राहिला

आश्रय नाकारलेल्या परदेशी माणसाला परत पाठवू नका, असे फलक घेऊन कुणी देवासच्या कचेरीसमोर बसलं, तर कारकून एकच विचारेल, "नाकारला कुणी?" आणि त्याचं बरोबरच असेल. आपल्या कायद्यात आश्रय मागायचा अर्जच नाही, नाकारणार काय?

देवासात देशाच्या नोटा छापल्या जातात. म्हणजे कागद आहे, शाई आहे, यंत्रं आहेत. बंदुकीच्या परवान्याचाही अर्ज मिळतो. 'मायदेशी मला मारतील, इथे राहू द्या' हे लिहायला रकाना तेवढा नाही. 1951 च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, 1967 च्या पुरवणीवरही नाही. 1946 चा परदेशी नागरिक कायदा गेला, 2025 चा आला, 1 सप्टेंबरला लागूही झाला. निर्वासिताची व्याख्या त्यातही नाही. जीव मुठीत धरून आलेला माणूस आणि व्हिसा संपल्यावर मांडूत जहाजमहाल बघत रेंगाळलेला पर्यटक, दोघेही नुसते परदेशी.

खरं तर परदेश म्हणजे काय, हे देवासला कुणी शिकवायला नको. 1948 पर्यंत या एका गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं नांदत होती. भाजी आणायला रस्ता ओलांडला की परमुलूख, जेवायच्या वेळेला पुन्हा स्वदेश!

अर्ज नाही म्हटल्यावर धारचे एखादे भाऊसाहेब परत पाठवण्याला स्थगिती मागणारं साधं निवेदन लिहायला घेतात. 'संदर्भ' या शब्दापुढे पेन अडतं, कारण अर्ज नाही म्हणून आवक क्रमांक नाही, आवक क्रमांक नाही म्हणून नकाराचा आदेश नाही, आणि आदेश नाही तर स्थगिती कशाला मागायची? तरी हे परवडलं. सिंधमधून पळून आलेल्या कुटुंबांना नागरिकत्वाचा अर्ज तरी होता, पण त्याला चालू मुदतीचा पासपोर्ट जोडायचा. मुदत संपली की ज्या देशातून पळालो त्याच्याच वकिलातीपुढे रांग लावा, फी भरा, नूतनीकरण करून आणा! 2024 च्या नागरिकत्व नियमांनी मुदत संपलेला पासपोर्ट चालवून घेतला, तोही तीन देशांतल्या सहा धर्मांच्या लोकांचा, आणि 31 डिसेंबर 2014 पर्यंत आलेल्यांचाच. म्हणजे छळणाऱ्यांनी कॅलेंडर बघून छळायला हवं होतं. 1 जानेवारीला सीमेवर पोचलेल्याचा जीव स्वस्त होता काय? आणि म्यानमारमधून पळालेल्या रोहिंग्याचं नाव त्या यादीत कुठल्याच तारखेला नाही. जीव वाचवायला धावणाऱ्या माणसाला आधी धर्म आणि मग तारीख विचारायची, हा कारभार नव्हे, निर्लज्जपणा आहे.

तेव्हा भाऊसाहेब, स्थगितीचं निवेदन फाडा आणि निर्वासितांच्या कायद्याची मागणी लिहा. खासगी विधेयकं संसदेत येऊन गेली आहेत. मंजूर एकही झालेलं नाही.