शेठ, नाल किती काढणार?



शेठ, तुमचं नाव-गाव मला ठाऊक नाही, म्हणून हे पत्र पाकिटात न घालता उघडंच धाडतो आहे. दर दोन-चार वर्षांनी तुम्ही नव्या अवतारात प्रकट होता. कधी एखाद्या पुढाऱ्याच्या निवेदनात, कधी हॉटेलवाल्यांच्या गाऱ्हाण्यात, तर कधी आमच्याच चहाच्या टपरीवर 'गोव्याले देख ना भो' म्हणणाऱ्या एखाद्या भाऊच्या तोंडी. मागणी तीच असते. पर्यटन वाढवायचं तर कॅसिनो काढा, जोडीला अम्युझमेंट पार्क टाका, बाकी पैसा आपोआप येतो. तुमचं बोट नकाशावर नेहमी मुंबईभोवती नाहीतर कोकणच्या किनाऱ्यावर फिरतं. तापीच्या खोऱ्याकडे ते वळत नाही. सिंचनाचा अनुशेष आम्ही सोसला, उद्योगांचाही सोसतो आहोत. आता जुगारातही खान्देशाने मागे राहायचं का? म्हणून हे अनावृत आमंत्रण.

आधी एक दुःखद वार्ता. तुमचा कायदा वारला. महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण आणि कर) अधिनियम 1976 साली मंजूर झाला, पण तो लागू करण्याची अधिसूचना नंतरच्या एकाही सरकारने काढली नाही. परवाना कुणाला मिळाला नाही, कराचा रुपया जमला नाही. मधूनमधून कुणीतरी त्याची आठवण काढायचं, चर्चा व्हायची आणि फाइल परत कपाटात जायची. अखेर 47 वर्षांनी, 2023 मध्ये, तो रद्द करण्यात आला. जन्माला येऊन एक दिवसही न जगलेला असा दुसरा कायदा शोधावा लागेल.

पण तुम्ही नाउमेद होऊ नका. जुगार बंद करणारा 1887 चा कायदा चांगला धडधाकट आहे, तरी मटक्याचा आकडा फुटायचा थांबलेला नाही. शिवाय पत्त्यांबद्दल वरच्या पातळीवर अगदीच आकस असेल असंही वाटत नाही. जुलै 2025 मध्ये राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री विधिमंडळात बसून मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. आपण फक्त मध्येच आलेली जाहिरात बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. थोड्याच दिवसांत त्यांचं खातं बदललं. कृषी गेलं आणि क्रीडा मिळालं. एवढी समयसूचकता असलेल्या राज्यात तुमचा अर्ज फार काळ पडून राहणार नाही.

आता जागेचं बोलू. सगळ्यात तयार जागा अजिंठा लेण्यांच्या पायथ्याशी, फर्दापूरला आहे. जिल्हा आमचा नाही, छत्रपती संभाजीनगरचा आहे. पण अजिंठा पाहायला रेल्वेने येणारा पाहुणा जळगाव स्टेशनात उतरतो, तेवढ्यावर आम्ही हक्क सांगतो. लेणी म्हणजे जुना माल. आत अंधार, फ्लॅश मारायची बंदी. म्हणून पायथ्याशी जपानी कर्जातून भलंमोठं पर्यटक केंद्र उभारलं आणि 1, 2, 16 आणि 17 क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या. खऱ्या चित्रांवरचा गर्दीचा भार हलका व्हावा हा हेतू होता, आणि तो चांगलाच होता. पुढे काही वर्षांतच पाण्याची आणि विजेची बिलं थकली आणि केंद्राला टाळं लागलं. मूळ लेण्यांनी बिलाशिवाय दीड-दोन हजार वर्षं काढली, प्रतिकृतींना दहाही धड काढता आली नाहीत. तुमच्या धंद्याला तर दिवसरात्र लखलखाट लागतो. म्हणून उद्घाटनाला कुणाला बोलवायचं हे ठरवायच्या आधी लाइटबिल कोण भरणार ते ठरवा. आमच्याकडे कुदळ मारायला माणसं रांगेत उभी असतात, बिल भरायला कुणी नसतं.

थंड हवा हवी असेल तर तोरणमाळ आहे. 1998 पर्यंत ते धुळे जिल्ह्यात होतं, मग नंदुरबार वेगळा झाला आणि धुळ्याचं एकुलतं एक हिल स्टेशन वाटणीत गेलं. वर यशवंत तलाव आहे, सीताखाईची दरी आहे, महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेची गर्दी आहे. एक किरकोळ अडचण अशी की हा अनुसूचित भाग. 1996 च्या पेसा कायद्याने तिथे ग्रामसभेचा शब्द चालतो, निदान चालावा अशी अपेक्षा आहे. तुमच्या सल्लागाराने प्रोजेक्टर लावून 'एंटरटेनमेंट हब' समजावलं, तर एखादी पावरा म्हातारी उठून विचारेल, की दवाखान्यात डॉक्टर कधी येणार? त्याला तुमच्याकडे स्लाइड नसेल.

राइड्सवर खर्च करायचीही गरज नाही. एरंडोल तालुक्यात फरकांड्याला झुलते मनोरे आहेत. एक हलवला की दुसरा हलायचा, विजेशिवाय, तिकिटाशिवाय. आता त्यांतला एक कोसळला, त्यामुळे हलवायला उरलेला आहे, पण हलायला दुसरा नाही. वॉटर पार्क पाहिजे तर चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव आहे. तिथे गोमुखातून बारमाही गरम पाणी पडतं. गिझर लागत नाही. कपडे बदलायला बाईमाणसाला धड आडोसा मिळाला तरी आम्ही त्याला पर्यटनविकास म्हणू, पण तेवढ्या लहान कामाला गुंतवणूकदार मिळत नाही.

अम्युझमेंट पार्कच्या हिशोबाबद्दल जरा भीत भीत बोलतो, कारण तुमच्यापुढे मी अडाणी. मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध, खोपोलीजवळ 2013 मध्ये इमॅजिका उघडलं. दोन्हीकडे कोट्यवधी वस्ती आणि दोन्हीकडच्यांच्या खिशात पैसा. तरी कर्जाचा डोंगर पेलवला नाही आणि 2022 मध्ये ते संगमनेरच्या मालपाणींकडे गेलं. तिथे जे झालं ते आमच्या पाचोऱ्याला होणार नाही असं तुमचा सल्लागार कशावरून म्हणतो, हे मला समजून घ्यायचं आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. त्या उन्हात लोखंडी पाळण्यात बसायचं धाडस करणाऱ्याला तिकीट लावू नका, उलट बक्षीस द्या.

कॅसिनोचं मात्र वेगळं. त्याला गिऱ्हाईक आमच्याकडे आहे, याची मी खात्री देतो. 2024 मध्ये जळगावहून गोव्याला थेट विमान सुरू झालं. आधीच्या वर्षांत कितीतरी विमानसेवा सुरू झाल्या आणि बंद पडल्या, एसटीच्या मुक्कामी गाडीएवढाही भरवसा नव्हता. पण गोवा म्हटल्यावर लोकांना हुरूप आला. केळीचा नाहीतर सोन्याचा पैसा गाठीला असलेला माणूस मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जाऊन हलका होऊन येतो. तो पैसा खान्देशातच हलका व्हावा, हा तुमचा मुद्दा मला एकदम पटतो. फक्त गोव्यातली एक गोष्ट तुमच्या माहितीपत्रकात कधी दिसत नाही. गोवा सरकारने 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्याच माणसाला कॅसिनोत जुगार खेळायला बंदी केली. युरोपात मोनॅको नावाचं संस्थान या धंद्यावर नावारूपाला आलं, तिथेही तिथल्या नागरिकाला डावावर बसू देत नाहीत. यजमान पंगत वाढतो आणि आपल्या पोरांना म्हणतो, तुम्ही यातलं खाऊ नका. मग आमच्या पोरांनी त्या पंगतीत करायचं काय? गाड्या लावायच्या आणि उष्टी काढायची? गावातल्या एका काकांनी हे ऐकून विचारलं, 'मंग आम्हले तठे कोन येऊ दी?' मी म्हटलं, गणवेश घातला तर येऊ देतील.

आणि शेठ, आम्हाला जुगार शिकवायला आलात, तर एकदा आखाजीला या.

पंचांगात तिला अक्षय्य तृतीया म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, निंबाच्या फांदीला झोका टांगलेला असतो, घागर भरलेली असते, घरात आमरस आणि सांजोऱ्या. सालदाराचं साल त्याच दिवशी संपतं आणि पुढच्या सालाची बोलणी होतात, म्हणजे एरवी मोकळ्या असणाऱ्या हातात थोडी उचल आलेली असते. जेवणं झाली की ओसरीवर, खळ्यात, निंबाखाली सतरंज्या पडतात. तीन पत्ती, रमी, झन्नामन्ना. एरवी सासऱ्यापुढे मान वर न करणारा जावई त्या दिवशी त्याच्याच पुढे नोटा टाकून 'शो' मागतो. ज्याची ओसरी तो डावामागे नाल काढतो, त्यातून चहा येतो, चिवडा येतो, पत्ते मळले की नवी कॅट येते. हे फार पुण्याचं काम चाललेलं असतं असं मी म्हणत नाही. पुऱ्या सालाची उचल एका दुपारी घालवलेली माणसं असतात, आणि रात्री घरात त्यांची आरती होते ती सगळ्या गल्लीला ऐकू जाते.

पण हिशोब बघा. हरलेला पैसा गल्लीबाहेर जात नाही. तो कुणाकडे गेला हे हरणाऱ्याला माहीत असतं. पेरणीला बियाण्यापुरते कमी पडले, तर त्याच माणसाच्या दारात जाऊन उसने मागता येतात, आणि आखाजीला जिंकलेला माणूस मृगात नाही म्हणायला जरा लाजतो. दोन-चार दिवसांनी सतरंजी गुंडाळली जाते. लेकी सासरी जातात, माणसं शेतात.

आता तुमचा डाव. रूलेटच्या चाकावर 36 आकडे आणि एक शून्य, मिळून 37 घरं. आकडा लागला तर तुम्ही एकास पस्तीस देता. म्हणजे शंभर रुपये लावले की सरासरी 2 रुपये 70 पैसे तुमची नाल. अमेरिकन चाकावर शून्यं दोन, तिथे नाल सव्वापाच रुपयांची. ऐकायला फार नाही वाटत. आमचे काही ओसरीवाले याहून जास्त काढतात. पण तुमचं चाक आखाजीपुरतं फिरत नाही, ते वर्षभर, रात्रभर फिरतं, आणि दर फेरीला तीच नाल. वर सरकारची वेगळी. ऑक्टोबर 2023 पासून कॅसिनोत लावायच्या पैशावर 28 टक्के जीएसटी आला, सप्टेंबर 2025 पासून तो 40 झाला. दोन नाली काढून उरलेलं कुठे जातं? तुमच्या मुख्य कार्यालयात. पेरणीला उसने मागायला आम्ही तिथे यायचं का? गेटवरचा सिक्युरिटीवाला आमच्याच गावचा असेल, तेवढी ओळख निघेल.

जोखीम घ्यायची आम्हाला सवय नाही, असं तुमचा सल्लागार म्हणत असेल तर त्याला रावेरला पाठवा. तिथे केळीला बोर्डाचा भाव एक असतो आणि बांधावर व्यापारी देतो तो दुसरा. बाजार समिती रोज भाव जाहीर करते, माल भरताना त्याहून कमीच मिळतो, आणि पिकलेलं केळं थांबत नसल्यामुळे शेतकऱ्याला डाव सोडून उठता येत नाही. त्यावर हवामानावर आधारलेला फळपीक विमा. थंडीत पारा सलग इतके दिवस इतक्या अंशांखाली गेला तर भरपाई, वारा इतक्या वेगाने वाहिला तर भरपाई. मोजणार कोण? महसूल मंडळातलं हवामान यंत्र. वादळाने माझी बाग आडवी झाली, पण वादळ यंत्राला भेटायला गेलं नाही, तर भरपाई नाही. एवढ्या चाकांवर पैसा लावून आम्ही दर साल पुन्हा बसतो. तुमच्या मखमली टेबलाने आम्ही बिचकू असं वाटतं का?

अमेरिकेचा दाखला तुम्ही द्यालच, म्हणून तोही बघून ठेवला. आपला कायदा झाला त्याच 1976 साली न्यू जर्सीच्या मतदारांनी अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या, उतरती कळा लागलेल्या पर्यटनगावाला कॅसिनो मंजूर केले. 1978 मध्ये पहिला उघडला, बरीच वर्षं पैशाचा पूर आला. मग शेजारच्या राज्यांनीही कॅसिनो काढले, गिऱ्हाईक वाटलं गेलं आणि 2014 या एकाच वर्षात तिथले चार कॅसिनो बंद पडले. आमच्या शेजारी मध्य प्रदेश आहे आणि गुजरात आहे. आपण सुरू केलं आणि पाठोपाठ बऱ्हाणपूरने केलं, तर? केळीच्या भावात ते आमच्या पुढेच असतात.

तरीही यायचंच असेल तर अटी अशा. नाल किती काढणार ते दारावर मराठीत आणि अहिराणीत मोठ्या अक्षरांत लिहायचं. हरलेल्या माणसाला घरी जायला एसटीचं भाडं कॅसिनोने द्यायचं. जेवणात कळण्याची भाकरी आणि भरीत ठेवायचं, आणि त्याला 'एथनिक प्लॅटर' म्हणायचं नाही. फर्दापूरचं थकलेलं बिल तुम्ही भरा असा आग्रह नाही, पण भरलंत तर तुमच्या नावाची पाटी लावू. पाट्यांची आमच्याकडे कधीच टंचाई नसते. शेवटची अट सुट्टीची आहे आणि तिच्यात तडजोड नाही. आखाजीला कॅसिनो बंद ठेवावा लागेल. तुमचे सगळे नोकर त्या दिवशी आपापल्या गावी पत्ते खेळायला गेलेले असतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक खान्देशी