ऐकणाऱ्याचं वर्ष

बाळाच्या पहिल्या शब्दाची घरात तारखेसह नोंद होते. त्याआधी ते वर्षभर मन लावून ऐकत होतं, याची नोंद कुणी ठेवत नाही.

बाळ जन्माला येतं तेच आईचा आवाज ओळखत. पोटात असतानाच, शेवटच्या तीनेक महिन्यांत, त्याला ऐकू येऊ लागलेलं असतं. डोहाळजेवणातली गाणी आणि नंतरची कुरबुर, दोन्ही अस्पष्ट का होईना, कानांवर गेलेली असतात. दोनेक महिन्यांचं झालं की हुंकार सुरू होतात. आपण बोलावं, त्याने टक लावून ऐकावं, आपलं संपलं की मग 'आऽऽ गूऽ' म्हणावं. दुसऱ्याचं बोलणं संपू देण्याची ही रीत पुढे टीव्हीवरच्या चर्चेत बसेपर्यंत कुठे जाते, देव जाणे.

सहाव्या महिन्याच्या आसपास मान आवाजाकडे वळते. मग 'बाबाबा', 'मामामा' सुरू होतं आणि घरात दोन पक्ष पडतात. ओठ मिटून उघडले की हे आवाज सहज निघतात, हे त्या वेळी कुणाला सांगू नये. नऊ महिने ओझं वाहिलं आईने आणि श्रेय गेलं बारशाला उभ्या उभ्या येऊन गेलेल्या मामाला!

याच काळात आत मोठी आवराआवर चालू असते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये दाखवलं की, इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांनाही हिंदीतल्या 'त' आणि 'ट'मधला फरक कळतो. वर्षाची होईतो तो कळेनासा होतो. घरात लागत नाही ते बाळ सोडून देतं. श्रीखंडाचे रिकामे डबे वर्षानुवर्षं जपणाऱ्या आपल्याला हे जमलेलं नाही.

ऐकू न येणारं बाळही सुरुवातीला हुंकार देतं, म्हणून घर निर्धास्त राहतं. पाठीमागे ताट वाजवून खात्री होत नाही; बाळ सावलीनेही वळतं. त्यापेक्षा पहिल्या महिन्यातच कानांची तपासणी करावी. बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते, दुखत नाही. 'याचा बाबाही उशिराच बोलला' हा घराण्याचा इतिहास झाला, तपासणी नव्हे.

वर्षाच्या सुमारास पहिला शब्द येतो. तोवर 'नको', 'दे', 'टाटा' आणि स्वतःचं नाव त्याला केव्हाच कळू लागलेलं असतं. आणखी काय काय कळलंय, याची साक्ष ते पुढे पाहुण्यांसमोर देतं.